टेबलाचे पैसे

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी विरार लोकलची वाट पाहत चहा घेत उभा होतो. पाऊस नुकताच उघडला होता. शेजारच्या बाकावर एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी आणल्याची बातमी होती. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैशावर तो ऑनलाइन खेळवायचा नाही, असे हा नवा कायदा म्हणतो. ऐकणाऱ्यांपैकी एक चाळिशी उलटलेला माणूस उठून माझ्याजवळ आला आणि वाकून म्हणाला, "सर, ओळखलंत का?"

मी ओळखले. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळचा घट्टा अजून तसाच होता. तलासरी तालुक्यातल्या शाळेत मी बत्तीस वर्षे गणित शिकवले. हा माझा विद्यार्थी. गणितात नापास होणारा आणि पुढे गणितावरच पोट भरणारा! साधारण बारा वर्षे तो पूल खेळून जगला. डहाणूपासून वापीपर्यंत हिरव्या टेबलांभोवती जमणाऱ्या मंडळींत त्याचे नाव होते. ते नाव मी इथे देणार नाही. त्याला आता मुले आहेत, आणि ती शाळेत जातात.

चहा घेता घेता त्याने विचारले, "सर, मी जे खेळायचो ते काय होतं? कौशल्य की जुगार? पेपरात तर म्हणतात, आता दोन्ही सारखंच."

लोकल आली आणि गेली. मी काही उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मला ते देता आले नाही, आणि त्याचे कारण त्याच्या आयुष्यात जितके होते तितकेच माझ्याही आयुष्यात होते. हा लेख म्हणजे त्या राहिलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

मुलगा वारली कुटुंबातला. बाप खलाशी. डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून आजही शेकडो माणसे मासेमारीच्या हंगामात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ-ओखा-पोरबंदरच्या बोटींवर जातात. आधी उचल घ्यायची, ती घरात ठेवायची आणि आठ-नऊ महिने समुद्रावर ती फेडायची, असा हा हिशेब. बाप समुद्रावर, आई वीटभट्टीवर आणि पोरगा शाळेच्या मागच्या ओट्यावर कॅरम खेळतोय, हे दृश्य मी कितीदा पाहिले असेल. कॅरम हा आपल्याकडचा गरिबाचा खेळ. महाराष्ट्राने कॅरमचे जगज्जेते घडवले आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण चाळीतून आणि गल्लीतून आलेले आहेत. त्या ओट्यावर मात्र जगज्जेतेपदाची वार्ता कधी पोचली नाही. तिथे पोचली ती चार आण्याची पैज.

दहावीला तो गणितात नापास झाला. त्याच सुमारास, नव्वदचे दशक संपता संपता, लहान गावांच्या बाजारपेठांत पुलाची टेबले आली. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन टेबले, वर ट्यूबलाइट, कोपऱ्यात शीतपेयांचा फ्रीज. हा तिथे मार्कर म्हणून लागला. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, गोळे रचून देणारा, क्यूच्या टोकाची चामडी बदलणारा आणि हिरवी बनात ब्रशने झाडणारा पोऱ्या. दुपारी शेड रिकामे असे. त्या रिकाम्या दुपारी तो एकटा खेळत राही. बारा-बारा फुटांचे त्रिकोण आणि परावर्तनाचे कोन मी त्याला फळ्यावर शिकवू शकलो नव्हतो. पांढऱ्या गोळ्याने ते त्याला सहा महिन्यांत शिकवले.

एकदा मी सहज तिथे डोकावलो. तो म्हणाला, "सर, बघा, कोन तोच राहत नाही. गोळ्याला डावीकडे फिरक दिली की उशीवरून तो वेगळाच परततो. आणि पावसाळ्यात बनात ओली होते, गोळा जड चालतो. मे महिन्याचा हिशेब जुलैत लावला की हरलात." वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा पाऊण तास बोलत होता. कौशल्य कशाला म्हणतात ते मला त्या दुपारी कळले. खाऱ्या हवेचा अंदाज घेऊन दर महिन्याला आपला हात बदलणे, याला नशीब म्हणता येणार नाही.

पैशाचा खेळ मात्र पहिल्या दिवसापासून त्या शेडमध्येच होता. आपल्याकडच्या सर्व पूल पार्लरांचा एक अलिखित नियम असतो : टेबलाचे पैसे हरणारा भरतो. इथूनच पैज सुरू होते. आज टेबलाचे पैसे, उद्या त्यावर पन्नास रुपये, परवा पाचशे. गंमत अशी की खेळाच्या नावातच पैज दडलेली आहे. 'पूल' म्हणजे सर्वांनी मिळून मांडलेली रक्कम. मूळ फ्रेंच शब्द त्याच अर्थाचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी मेसमध्ये 'लाइफ पूल' खेळत. त्यात प्रत्येक खेळाडूला ठरावीक 'जीव' मिळत, ते गेले की तो बाद, आणि शेवटी उरेल त्याने सर्वांची रक्कम उचलायची. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने अशाच एका पैजेच्या खेळात आणखी रंगीत गोळे टाकले आणि स्नूकर जन्माला आला. म्हणजे ज्या खेळाला आज सभ्य माणसांचा खेळ म्हणतात, तो आपल्याच देशात, पैशावर खेळल्या जाणाऱ्या टेबलावर जन्मला!

तरीही पुढे त्यात दोन जाती पडल्या. क्लबात खेळेल तो खेळाडू, शेडमध्ये खेळेल तो जुगारी. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. स्वतंत्र भारताचा हा पहिला जगज्जेता. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. 'हौशी' हा शब्द इथे ध्यानात घ्यावा. त्या काळच्या नीतीप्रमाणे खऱ्या खेळाडूने पैशासाठी खेळायचे नसे. पुढे काळ बदलला. मुंबईच्या यासिन मर्चंटने १९८९ साली आशियाई स्नूकर जिंकले, गीत सेठी यांनी १९९२ साली बिलियर्ड्सचे जागतिक व्यावसायिक विजेतेपद मिळवले, आणि पैशासाठी खेळणे हा गुन्हा नसून व्यवसाय आहे हे आपण मान्य केले. पण या व्यवसायाचा दरवाजा क्लबातून उघडतो. क्लबाचे सभासदत्व, सरावाला तासन्‌तास मोकळे टेबल, स्पर्धेची प्रवेश फी, प्रवासखर्च. तलासरीच्या पाड्यावरून त्या दरवाजापर्यंत जाणारी एसटी अजून सुरू झालेली नाही. माझ्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न खेळाडू व्हावे की जुगारी हा कधीच नव्हता. हातातली कला विकायला एकच बाजार उघडा होता, तो शेडमधला.

त्या बाजाराची रीत त्याने लवकर आत्मसात केली. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. वापीची कारखानदारी तिथून फार लांब नाही. पगाराच्या आठवड्यात तो तिकडे जाई. साधे कपडे, पायांत चपला, गावंढळ चेहरा. पहिल्या दोन फ्रेम हरायच्या. "जिंकण्यापेक्षा हरणं अवघड असतं, सर," तो मला एकदा म्हणाला, "गोळा भोकाच्या कडेला लागून बाहेर राहायला हवा. अगदी सरळ चुकला तर समोरचा ओळखतो." मग रक्कम वाढायची, आणि रक्कम पुरेशी वाढली की खरा हात बाहेर काढायचा. हे लबाडीचे आहे यात शंका नाही. त्याने ते नाकारलेही नाही. दोनदा त्याने मार खाल्ला. एकदा बोटे मोडता मोडता वाचली.

यात आणखी एक माणूस असे. त्याला पैसेवाला म्हणत. खेळणाऱ्याजवळ पाच हजार नसतात. पैसेवाला ते लावतो. जिंकले तर निम्मे त्याचे. हरले तर? "हरले तर ते माझ्या नावावर." म्हणजे उचलच! बाप बोटीच्या मालकाची उचल फेडत होता, मुलगा पैसेवाल्याची.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवे. २००३ सालच्या एका शनिवारी रात्री तो माझ्या घरी आला. नेहमीचा पैसेवाला गावाला गेला होता आणि एक मोठा सामना ठरला होता. त्याने पाच हजार मागितले. मी आधी उपदेश केला. शिक्षकाला तो फुकट करता येतो. मग कपाटातून पाच हजार काढून दिले. आणि हे लिहिताना आजही लाज वाटते, त्याच्याबरोबर मी स्वतः गेलो. रात्री एक वाजता तो शेवटची फ्रेम जिंकला. काळा गोळा दोन उश्यांवरून आडवा येऊन कोपऱ्यात गेला, तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो. परतताना त्याने न विचारता माझे पाच हजार आणि वर अडीच हजार माझ्या खिशात घातले. मी ते परत केले नाहीत.

त्या रात्री जुगारी कोण होता? त्याने चार तास उभे राहून आपला हात, आपली नजर आणि आपली छाती पणाला लावली होती. मी खुर्चीवर बसून होतो. माझे पाच हजार गेले असते, तर मी ते त्याच्याकडून हप्त्याने वसूल केले असते, कारण रीतच तशी होती. माझ्या बाजूने त्यात कौशल्य नव्हते आणि जोखीमही नव्हती. तरी निम्मा वाटा माझा. सोमवारी मी पुन्हा वर्गात उभा राहून मुलांना प्रामाणिकपणाने जगण्याचे धडे दिले.

कायदा या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहत आला आहे. १८८७ सालचा मुंबईचा जुगारबंदी कायदा आपल्याकडे अजून चालतो. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे त्याचे तेरावे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली बक्षिसांच्या शब्दकोड्यांच्या प्रकरणात कौशल्य आणि नशीब यांच्यात रेघ ओढली. १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ साली घोड्यांची शर्यत. या रेघेच्या आधाराने पुढे मोबाइलवरच्या खेळांच्या कंपन्या उभ्या राहिल्या. आमचा खेळ कौशल्याचा, असे म्हणत त्यांनी घराघरांतून पैसा गोळा केला, आणि २०२५ साली संसदेला ती रेघच त्या क्षेत्रापुरती पुसून टाकावी लागली.

परंतु १९६८ च्या त्या रमीच्या निकालात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. न्यायालयाने म्हटले की खेळ रमीचा असला तरी क्लबाचा मालक त्या पैशाच्या खेळातून स्वतः नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. माझ्या मते सगळे मर्म तिथे आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्न दुय्यम. खेळाबाहेर बसून खेळावर जेवणारा कोण, हा पहिला प्रश्न.

अड्ड्याच्या भाषेत या जेवणाला 'नाल' म्हणतात. प्रत्येक डावातून जागेच्या मालकाने काढून घ्यायचा हिस्सा. साधे गणित करून पाहा. दोन तुल्यबळ खेळाडू पाचशे-पाचशे रुपये लावून दहा फ्रेम खेळले. पाच याने जिंकल्या, पाच त्याने. दोघांनाही वाटते, बरोबरी झाली. पण प्रत्येक हजारातून मालकाने शंभर नाल काढली असेल, तर दहा फ्रेममध्ये हजार रुपये गेले. दोघेही पाचशेने हरले आणि जो क्यूला शिवलाही नाही तो जिंकला. टेबलाचे भाडे वेगळेच.

माझा विद्यार्थी टेबलावर क्वचितच हरे. मग बारा वर्षांनंतर त्याच्याजवळ काही उरले का नाही? उत्तर एका शब्दात आहे : आकडा. पुलावर मिळवलेले पैसे तो मटक्यावर लावत असे. ज्याला खाऱ्या हवेचा हिशेब कळत होता त्याला हे कळू नये, याचे मला फार दिवस आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. कौशल्यावर जगणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा भ्रम होतो तो हाच, की आपला हात सगळीकडे चालतो.

मटक्याचा इतिहास वाचकांना थोडाफार ठाऊक असेल. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले. तेव्हा कच्छमधून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ पासून फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी आपला वेगळा आकडा सुरू केला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, मग पत्ते. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. गिरणगावात या आकड्याने मूळ धरले, आणि पश्चिम रेल्वेच्या रुळांबरोबर तो आमच्यापर्यंत आला. खत्री २०२० च्या मे महिन्यात वारले. आकडा त्यांच्यामागेही चालूच राहिला, चिठ्ठीवरून मोबाइलवर गेला एवढेच.

लोक म्हणतात, मटका हे नशीब आहे. मी गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, लावणाऱ्याच्या बाजूने ते नशीब आहे. घेणाऱ्याच्या बाजूने तो पक्का धंदा आहे. आकडे दहा, शून्य ते नऊ. एका रुपयाला आमच्याकडे भाव नऊ रुपये. दहा माणसांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जमले, नऊ वाटले, एक उरला. शंभर रुपये घेऊन बसलेला माणूस एकदा सगळे फिरवतो तेव्हा सरासरीने त्याच्या हातात नव्वद राहतात. तेच नव्वद पुन्हा लावले की एक्याऐंशी. सात वेळा फिरवले की शंभराचे अठ्ठेचाळीस. यात फसवणूक कुठेच नाही. पत्ते अगदी सचोटीने काढले तरी हे असेच होणार. मधूनच कुणाला तरी जोडी लागते. त्याची बातमी पाड्यापाड्यांवर पोचते. शंभराचे अठ्ठेचाळीस झाले त्याची बातमी कुणी सांगत नाही.

आता हे गणित खलाशाच्या घरात नेऊन ठेवा. उचलीचे पैसे एकरकमी हातात आलेले. पुढचे आठ महिने समुद्रावर जायचे, परतण्याची खात्री नाही. हद्द चुकली तर कराचीच्या तुरुंगात वर्षे काढावी लागतात, हे इथल्या घरांनी सोसलेले आहे. अशा माणसाने दहा रुपये आकड्यावर लावले, तर आपण कोणत्या तोंडाने त्याला बेफिकीर म्हणावे? ज्याची रोजची भाकरीच जोखमीवर आहे, त्याला आकड्याची जोखीम वेगळी वाटत नाही. पण आकडा त्याच्या अडचणीतून त्याला सोडवत नाही, अधिक घट्ट बांधतो. माझ्या विद्यार्थ्याने बापाच्या दोन हंगामांची उचल अशीच घालवली. साठाव्या वर्षी बापाला पुन्हा बोटीवर जावे लागले. त्यानंतर मुलाने क्यू खाली ठेवला.

तलासरी तालुक्यातले झरी गाव इतिहासात नोंदलेले आहे. १९४५ च्या मे महिन्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली तिथे जमले आणि वेठबिगारीला त्यांनी नकार दिला. त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको आयुष्यभर त्याच्या घरी राबत. त्याला 'लग्नगडी' म्हणत. त्या पिढीने ओळखले होते की आपले दारिद्र्य कपाळावर लिहिलेले नाही. मधे बसून खाणारा कुणीतरी आहे. त्यांच्या नातवंडांना ती ओळख पटत नाही, कारण आजचा खाणारा समोर दिसत नाही. तो टपरीच्या मागे आहे, फोनच्या पलीकडे आहे. छापा पडतो तेव्हा सापडतो चिठ्ठी लिहिणारा पोरगा. दोनशे-तीनशे रुपये रोजावर बसलेला, बहुधा आमच्याच शाळेतला.

आपली परंपरा या बाबतीत भाबडी नव्हती. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे एक सबंध सूक्त आहे. द्यूतात राज्य घालवणारा युधिष्ठिर अज्ञातवासात विराटाच्या दरबारी कंक नावाने राहिला तो द्यूतनिपुण म्हणूनच! म्हणजे धर्मराजही एक वर्ष व्यावसायिक द्यूतकारच होता. नळाने राज्य गमावले, नंतर ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून ते परत मिळवले. कथाकारांना कौशल्य आणि नशीब यांतला फरक ठाऊक होता. पण त्यांनी दोष कुणाला दिला पाहा. शकुनी स्वतःचे काहीच पणाला लावत नाही. फासे तो टाकतो, पण पण असतो दुर्योधनाचा. आणि धृतराष्ट्र सिंहासनावर बसून नुसते विचारतो, "जिंकले का? जिंकले का?" जागा त्याची, सभा त्याची. २००३ च्या त्या रात्री शेडमधल्या खुर्चीवर बसून मीही हेच विचारत होतो.

मग करायचे काय? काही जण म्हणतील, सरसकट बंदी हवी. १८८७ पासून ती आहेच, आणि तरी आकडा साठ वर्षे चालला आहे. दुसरे म्हणतील, कायदेशीर करून टाका, सरकारला महसूल मिळेल. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला, हे चांगलेच झाले. राज्याची स्वतःची लॉटरी मात्र १९६९ पासून आहे. सरकारने नाल घ्यावी आणि टपरीवाल्याने घेऊ नये, हा उपदेश पाड्यावर कसा समजावून सांगायचा, ते मला अजून जमलेले नाही.

मला दोन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, पोलिसांनी आणि न्यायालयांनी खेळणाऱ्याचा पाठलाग सोडून खाणाऱ्याचा करावा. चिठ्ठीवाल्या पोराचा दंड वाढवून काही साधणार नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हातात कला असलेल्या मुलाला सरळ बाजार मिळवून द्यावा. पालघर जिल्हा २०१४ च्या ऑगस्टमध्ये झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या झाल्या. पण तालुक्याच्या गावी सार्वजनिक सभागृहात दोन चांगली कॅरमची आणि एक पुलाचे टेबल, वर्षातून दोन स्पर्धा, प्रवेश फी नाही, आणि बक्षीस असे की त्यात महिन्याचा किराणा येईल, एवढे करायला किती खर्च येतो? महालक्ष्मीच्या यात्रेत कुस्तीचा फड लागतो, पैलवान इनाम घेऊन जातो आणि त्याला कुणी जुगारी म्हणत नाही. कारण इनाम गाव देते. ते दुसऱ्या पैलवानाच्या घरातून येत नाही आणि त्यातून कुणी नाल कापत नाही. पुलाच्या पोराला तेवढीच प्रतिष्ठा दिली तर काय बिघडेल?

तेव्हा माझे उत्तर असे. बाळा, तू खेळत होतास ते कौशल्यच होते. त्याभोवती जे होते तो जुगार होता, आणि त्यात तुझ्यापेक्षा माझ्यासारख्यांचा वाटा मोठा होता. आपण दोघेही चुकलो, पण तुझ्या चुकीची किंमत तू भरलीस. माझ्या चुकीची मी भरली नाही.

हे त्याला तोंडी सांगायला मी सप्टेंबरात पुन्हा गेलो. तो आता एका हॉलची देखरेख करतो. भिंतीवर त्याने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे : 'पैसे लावून खेळू नये.' मी खिशातून पाकीट काढले. त्यात अडीच हजार रुपये होते. बावीस वर्षांचे व्याज मला लावता आले असते, गणिताचा मास्तर आहे मी. पण तेवढे धैर्य झाले नाही. त्याने पाकिटाकडे पाहिले, हसला आणि ते माझ्या हातात परत दिले. "सर, त्यापेक्षा एक फ्रेम खेळा माझ्याबरोबर. काही लावायचं नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदा क्यू हातात धरला. त्याने मला अंगठ्याचा पूल कसा करायचा ते दाखवले, खांदा कुठे ठेवायचा ते सांगितले, माझे तीन गोळे मला मुद्दाम घालू दिले आणि मग शांतपणे फ्रेम संपवली. मी निघालो तेव्हा म्हणाला, "सर, साठ रुपये झाले. टेबलाचे पैसे हरणारा भरतो."

मी भरले.